सर्च बॉक्समध्ये न मावणारा शिपाई

पूर्वज शोधायचे असतील तर ॲन आर्बरसारखं गाव नाही. अमेरिकेतल्या ग्रंथालयांना 'ॲन्सेस्ट्री'ची लायब्ररी आवृत्ती पुरवणारी प्रोक्वेस्ट कंपनी इथली. १९३८ साली यूजीन पॉवर यांनी इथे युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स सुरू केली, तिचंच हे पुढचं रूप. लाखो जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवणारं 'हाथीट्रस्ट' २००८ पासून मिशिगन विद्यापीठाच्याच आधाराने चालतं. कॅम्पसवरच्या क्लेमेंट्स ग्रंथालयात थॉमस गेज आणि हेन्री क्लिंटन या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या ब्रिटिश सेनापतींची दप्तरं आहेत. क्लिंटनच्या हाताखालचा कॉर्नवॉलिस १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण आला आणि पाचच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात उतरला. १७९२ साली टिपूविरुद्ध त्याच्या बाजूने श्रीरंगपट्टणला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजाही होत्या. म्हणजे आपल्या आणि इथल्या लष्करी इतिहासाचे धागे वाटतात तेवढे लांबचे नाहीत.

अशा गावात राहणाऱ्या मराठी माणसांना निवृत्तीच्या आसपास 'आपल्या घराण्यात सैन्यात कोण होतं' हे शोधायची हुक्की आली तर नवल नाही. हुक्कीचं पुढे छंदात रूपांतर होतं, छंदातून एक पीडीएफ पुस्तिका तयार होते आणि ती नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरते. गेल्या काही वर्षांत अशा बऱ्याच पुस्तिका माझ्या वाचनात आल्या. हा लेख त्यांच्याविषयी आहे. कुठल्या एका पुस्तिकेविषयी नाही, कारण त्या प्रेमाने आणि पदरमोड करून लिहिलेल्या असतात आणि त्यांच्या लेखकांची नावं घेऊन चिरफाड करण्यात काही पुरुषार्थ नाही. पण हा आता एक साहित्यप्रकार झाला आहे. कुलवृत्तान्ताचा हा परदेशी वाढलेला नातू. साहित्यप्रकार म्हटला की त्याच्या सवयी तपासायला हव्यात.

या पुस्तिकांचा साचा ठरलेला असतो. पहिल्या पानावर फेट्यातला फोटो. दुसऱ्या पानावर पलटणीचा इतिहास, तोही विकिपीडियावरून. मग 'मराठे म्हणजे जन्मजात लढवय्ये' अशा अर्थाचा एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याचा उतारा. मग एक लढाई, बहुतेक वेळा मेसोपोटेमियातली किंवा इटलीतली. या लढाईत पूर्वज 'असणार' असं एका वाक्यात म्हटलेलं असतं आणि पुढच्याच वाक्यात तो तिथे 'होता' असं ठरून जातं. शेवटी वंशवृक्ष, ज्यात शाखा फक्त मुलग्यांच्या.

सगळ्यात आधी त्या इंग्रज अधिकाऱ्याच्या उताऱ्याबद्दल. हे उतारे बहुधा लष्करी भरतीच्या हँडबुकांमधून येतात. त्यांतलं मराठ्यांवरचं हँडबुक आर. एम. बेथम यांनी लिहिलेलं, 'मराठाज अँड डेखनी मुसलमान्स', १९०८ सालचं. भरती करणाऱ्या अधिकाऱ्याने कुठल्या जिल्ह्यात जावं, कुठल्या जातीचा माणूस घ्यावा, कुठला टाळावा, याची माहिती देणारी ही मालिका. 'लढाऊ जमाती' नावाचा जो सिद्धान्त लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात पक्का झाला, त्याचं हे कार्यालयीन रूप. घोड्यांच्या बाजारात जात, बांधा आणि खोड्या सांगतात, त्याच नजरेने इथे माणसं मोजलेली आहेत. त्या पुस्तकातलं एखादं कौतुकाचं वाक्य उचलून आपण पणजोबांच्या फोटोखाली छापतो, तेव्हा खरेदीदाराने मालाला दिलेलं प्रमाणपत्र आपण घराण्याचा सन्मान म्हणून मिरवत असतो. त्याच मोजपट्टीने १८९२–९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली, हे मात्र पुस्तिकेत येत नाही.

दुसरी सवय जराशी गमतीची. 'आजोबा मिलिटरीत होते' हे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेलं वाक्य खोदत गेलं की पुण्यातल्या अनेक घरांत ते 'मिलिटरी अकाउंट्स'मध्ये होते असं निघतं. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, देहूरोडच्या डेपोत होते. मग पुस्तिकेचा लेखक ओशाळतो आणि ते पान घाईघाईने उरकतो. खरं तर इथेच थांबायला हवं. सैन्य पोटावर चालतं म्हणतात, तसं ते कागदावरही चालतं. कुणाचा पगार कुणाच्या बायकोला किती पोचला, हे ज्या कारकुनाने लिहिलं, त्याच्यामुळे आज शोधायला काही तरी शिल्लक आहे. तो पूर्वज बंदूकवाल्याइतकाच आपल्या गोष्टीचा धनी आहे.

आता शोधाच्या साधनांकडे येऊ. डेटाबेसचा सर्च बॉक्स चार गोष्टी विचारतो: नाव, आडनाव, जन्मसाल, जन्मगाव. हे चार रकाने ज्या समाजात प्रत्येकाची नोंद चर्चमध्ये किंवा जनगणनेत होती, त्या समाजासाठी बनलेले आहेत. १९१५ साली खेडहून किंवा कोरेगावहून भरती झालेल्या शिपायाला जन्मसाल माहीत नव्हतं. दुष्काळाच्या किंवा प्लेगच्या आगेमागे एवढंच त्याच्या आईला ठाऊक. आडनाव होतं, पण पलटणीच्या कारकुनाला ते हवंच होतं असं नाही. शिपायाचं नाव, बापाचं नाव, जात, गाव आणि नंबर यांवर त्याचं काम भागत होतं. शिवाय आडनाव लिहिलं तरी स्पेलिंग त्याच्या मर्जीचं. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या लढायांत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे दोन मराठा शिपाई घ्या. यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, मरणोत्तर. नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५. सर्वोच्च पदक मिळालेल्या नामदेव जाधवांचं आडनावसुद्धा इंग्रजी कागदांत 'जादव' असंच आहे. मग पदक न मिळालेल्या हजारोंची काय कथा! जाधवचं जाधो होतं, शिंदेचं सिंदे, चव्हाणचं चवान. एकाच स्पेलिंगवर अडून बसणाऱ्याला 'रेकॉर्ड सापडलं नाही' असं उत्तर मिळतं आणि तो पूर्वज खोटा ठरतो.

आडनावाची ही अडचण सगळ्यांना सारखी नाही. महार शिपायांची जुनी नावं 'नाक' या शेवटाची, त्यांना आडनावाचा रकानाच नव्हता. बाबासाहेब आंबेडकरांचं घर हे लष्करी घर. आजोबा मालोजी सैन्यात होते, वडील रामजी सकपाळ सुभेदार, बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. सकपाळ, आंबडवेकर, आंबेडकर अशी आडनावं एकाच घराण्यात दोन पिढ्यांत दिसतात. ज्यांच्याबद्दल एवढं लिहिलं गेलं त्यांची ही गोष्ट, तर त्याच छावणीतल्या इतर घरांचे वंशज आज ट्रॉयमध्ये किंवा नोवायमध्ये बसून सर्च बॉक्समध्ये कुठलं आडनाव टाकणार?

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. कागद गहाळ होणं वेगळं आणि कागद लिहिलाच न जाणं वेगळं. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या फायलींपैकी निम्म्याहून अधिक १९४० च्या बॉम्बवर्षावात जळाल्या. अमेरिकेत सेंट लुइसच्या सैनिकी अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि १ कोटी ६० लाखांहून अधिक फायली गेल्या. ही नुकसानं मोठी आहेत, पण तिथे निदान प्रत्येक माणसाची एक फाइल होती. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात गोऱ्या अधिकाऱ्यांची माहिती बारकाव्यानिशी मिळते. साध्या हिंदी शिपायाची स्वतंत्र फाइल तिथे सहसा नसते. आगीने नेलेल्या फाइलबद्दल हळहळ वाटते. नसलेल्या फाइलबद्दल प्रश्न विचारावा लागतो.

तो प्रश्न सगळ्यात स्वच्छ दिसतो दगडावर. तीन स्मारकं शेजारी ठेवून पाहा. पहिलं भीमा कोरेगावचं. १ जानेवारी १८१८ ची लढाई, १८२१ साली पायाभरणी झालेला स्तंभ. उभारणारी ईस्ट इंडिया कंपनी, म्हणजे काही समतेची पाईक नव्हे. तरी त्यावर पडलेल्या शिपायांची नावं आहेत आणि त्यांतली २२ 'नाक' या शेवटाची. दुसरं फ्रान्समधलं नव्ह शापेलचं स्मारक, १९२७ सालचं. तिथे ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावं कोरलेली आहेत. ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस याच गावासाठी झालेल्या लढाईत खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांची दाणादाण उडाली होती. तिसरं बसऱ्याचं, १९२९ सालचं. मेसोपोटेमियातल्या ४० हजारांहून अधिक मृतांचं हे स्मारक. इथे अधिकाऱ्यांची नावं आहेत, आणि साधे हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली आकड्यात आहेत.

एकच सैन्य, एकच युद्ध, स्मारकं बांधणारं कमिशनही एकच. पण खडकीचा सॅपर फ्रान्समध्ये मेला तर त्याचं नाव दगडावर आणि साताऱ्याचा मराठा कुटला मेला तर तो एक आकडा. कुट-अल-अमाराच्या वेढ्यात, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. वेढ्याच्या अखेरीस सुमारे १३ हजार माणसं शरण गेली आणि वाळवंटातून चालवत नेली गेली. त्यांतली हजारो परतली नाहीत. मराठी मुलखाच्या दृष्टीने पहिल्या महायुद्धाचं खरं केंद्र फ्रान्स नाही, हे आहे. आणि नेमकी इथेच नावं नाहीत.

हे शंभर वर्षांनी कमिशननेही मान्य केलं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या विशेष समितीने एप्रिल २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात म्हटलं आहे की ४५ ते ५४ हजार मृतांचं स्मरण इतरांच्या बरोबरीने झालं नाही. आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांचं स्मरण नावाने झालं नाही किंवा मुळी झालंच नाही. यांत आफ्रिकेतले, इजिप्तमधले आणि हिंदुस्थानातले लोक आहेत. आता बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली बरीच नावं कमिशनच्या डेटाबेसमध्ये सापडतात. ती जरूर शोधावीत. पण नाव सापडल्याच्या आनंदात, ते इतकी वर्षं कुठे होतं हा प्रश्न पुस्तिकेतून गळू नये.

गावाकडेही हाच हिशेब आहे. सातारा-रत्नागिरीकडच्या अनेक गावांत चावडीवर किंवा देवळाजवळ एक संगमरवरी पाटी दिसते: या गावातून महायुद्धाला अमुक माणसं गेली, त्यांपैकी अमुक कामी आली. दोन आकडे, नाव एकही नाही. बहुतेक पुस्तिकांत या पाटीचा फोटो अभिमानाने छापलेला असतो. पाटीवर लिहिलं आहे त्याहून अधिक बोलतं ते तिच्यावर न लिहिलेलं. ते आकडे नावांत बदलणं हे खरं काम आहे आणि ते अजून गावातच होऊ शकतं. आमच्यातला कोण गेला होता हे सांगणारी घरं काही गावांतून अजून संपलेली नाहीत.

बंदूक न उचललेल्यांची कथा याहून पुसट. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून गेलेल्या सुमारे १३ ते १४ लाख माणसांत चार लाखांहून अधिक बिनलढाऊ होती: पाणके, स्वयंपाकी, खेचरवाले, मेहतर, मजूर. राधिका सिंघा यांचं 'द कूलीज ग्रेट वॉर' हे २०२० सालचं पुस्तक या माणसांवर आहे आणि पूर्वजांच्या मागे लागलेल्या प्रत्येकाने ते वाचावं असं मी म्हणेन. युद्धानंतर दिलेल्या ब्रिटिश वॉर मेडलचा एक तपशील पुरेसा बोलका आहे. लढणाऱ्याला ते चांदीचं मिळालं आणि मजुराला, नोकराला ब्राँझचं. आता यातला दैवदुर्विलास असा की चांदीची पदकं अडीअडचणीला सोनाराकडे गेली, वितळली. ब्राँझला भाव नव्हता म्हणून काही पेटीच्या तळाशी राहिली. घरात ब्राँझचं पदक सापडलं आणि 'चांदीचं नाही' म्हणून कुणी खट्टू झालं, तर त्यांना सांगावंसं वाटतं की तुमच्या हातात दुर्मिळ पुरावा आहे. पदकाची कड भिंगाखाली धरा. नंबर, हुद्दा, नाव, तुकडी तिथे ठोकलेली असते. अनेक घरांत तोच एकमेव कागद, फक्त तो धातूचा.

मग त्या माणसांच्या तोंडचं काही? डेव्हिड ओमिसी यांनी संपादलेला 'इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर' हा शिपायांच्या पत्रांचा संग्रह पुस्तिकाकारांचा लाडका. चांगला आहे, पण डोळे उघडे ठेवून वाचायचा. ही पत्रं टिकली ती सेन्सॉरने भाषांतर करून ठेवली म्हणून. शिपायाने सांगितलं, अनेकदा दुसऱ्याने लिहिलं, तिसऱ्याने इंग्रजीत आणलं. आणि त्यांत वरचष्मा पंजाबचा, फ्रान्समधल्या शिपायांचा. तिथलं एखादं हृदयद्रावक वाक्य उचलून 'आमच्या पणजोबांनाही असंच वाटलं असेल' असं लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या आजोबांचे अश्रू उसने आणणं.

मराठीत कॅप्टन गो. गं. लिमये यांचं 'सैन्यातील आठवणी' आहे. विनोदी लेखक म्हणून त्यांना मागची पिढी ओळखत होती. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात डॉक्टर होते. असं पुस्तक मराठीत आहे हीच मोठी गोष्ट आणि ते आज सहज मिळत नाही ही लाजेची. पण ती डॉक्टरची, अधिकाऱ्याची, लेखणी चालवता येणाऱ्याची आठवण आहे. त्याच्या तंबूबाहेर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने काय पाहिलं, ते त्यात शोधू नये. आमच्या पांढरपेशा घरांना ही उणीव जाणवत नाही, कारण आमचा पूर्वज तंबूच्या आत होता.

पूर्वजांचा लष्करी शोध मराठीत सगळ्यात गंभीरपणे कुणी केला असेल, तर तो छंद म्हणून नव्हे, हक्क म्हणून. भरती बंद झाल्यावर गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने १८९४ साली विनंतिपत्र तयार केलं. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनच्या महारांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. आमचे वाडवडील तुमच्या पलटणींत लढले, मग आम्हांला दार का बंद, असा त्यांचा सवाल. १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, ते वंशवृक्ष पुरा करायला नव्हे. त्या दगडावरची नावं माणूस म्हणून उभं राहण्याचा पुरावा होती. आपल्या पुस्तिकांना या परंपरेची दखल नाही, ही मला त्यांची सगळ्यात मोठी उणीव वाटते. पूर्वज का शोधायचे, याचं याहून भक्कम उत्तर मराठीत दुसरं नाही.

आणि पद्धत शिकायची तर तीही फार दूर नाही, ॲन आर्बरहून पाऊण तासावर डेट्रॉईटला आहे. आफ्रिकन-अमेरिकन घराण्यांचा शोध घेणारे '१८७० च्या भिंती'बद्दल बोलतात. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची यादी मालकाच्या नावाखाली होती: वय, लिंग, रंग, नाव नाही. बहुसंख्यांची नावं पहिल्यांदा येतात ती १८७० मध्ये. या भिंतीला ज्या खिडक्या सापडल्या त्यांतली एक लष्करी होती. मिशिगनमध्ये उभी राहिलेली कृष्णवर्णीयांची पलटण पुढे १०२ नंबरची म्हणून यादवी युद्धात लढली. अशा पलटणींतल्या सैनिकांच्या विधवांनी पेन्शन मागितली तेव्हा सरकारने पुरावा मागितला: लग्न कुठे झालं, कुणी पाहिलं, मुलं किती, पूर्वी मालक कोण. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षी झाल्या. संशयी कारकुनांनी जमवलेल्या त्या फायलींतून आज घराणीच्या घराणी उभी राहतात. डेट्रॉईटची फ्रेड हार्ट विल्यम्स जिनिऑलॉजिकल सोसायटी अशा शोधाला वाहिलेली आहे. ही मंडळी एक माणूस न शोधता त्याच्या भोवतालचे सगळे शोधतात: शेजारी, साक्षीदार, त्याच तुकडीतले गाववाले.

आपल्याला हेच लागू पडतं. शिपाई एकटा भरती होत नसे, वाडीतले चार जण मिळून जात. म्हणून आडनावाऐवजी गाव शोधा, व्यक्तीऐवजी तुकडी शोधा. पुरुषाऐवजी बाई शोधा, हे तर सर्वात महत्त्वाचं. मनीऑर्डर कुणाच्या नावे येत होती? पेन्शन कुणी घेतली? जमीन मिळाली असेल तर तलाठ्याच्या फेरफारात वारस म्हणून कुणाचं नाव लागलं? पूर्वजाच्या लढाईचा पुरावा मिळेल न मिळेल, पण त्याच्या गैरहजेरीत शेत कुणी कसलं याचा पुरावा मिळायची शक्यता बरीच आहे. आणि जिथे वंशवृक्षात शाखा फक्त मुलग्यांच्या, तिथे हा पुरावा सापडूनही ठेवायला जागा नसते.

पंजाबचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या गाववार नोंदवह्या यूके पंजाब हेरिटेज असोसिएशन आणि ग्रीनिच विद्यापीठ यांनी डिजिटल केल्या आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी खुल्या करायला सुरुवात केली. त्यामागे परदेशात वाढलेली पंजाबी मुलं होती. मराठी मुलखासाठी असं काही उभं करण्याइतके पैसे आणि संगणकज्ञ एकट्या मिशिगनमध्ये आहेत. आपण मात्र प्रत्येकी एक पुस्तिका काढतो.

शेवटी, या सगळ्यातून काय सांगायचं, हा प्रश्न उरतो. दोन सोपी उत्तरं तयार असतात. एक तिकडचं: ते इंग्रजांचे भाडोत्री, त्यांचं कसलं कौतुक! दुसरं इकडचं: ११ नोव्हेंबरला व्हेटरन्स डे आला की शाळेत मुलं आपापल्या आजोबांचे फोटो आणतात, तेव्हा आपलं मूलही एक फेटेवाला फोटो घेऊन जातं आणि 'आम्हीही तुमच्या बाजूने लढलो' असं सांगून वर्गात जागा मिळवतं. पहिलं उत्तर पोटासाठी सही किंवा अंगठा करणाऱ्या वीस वर्षांच्या पोराकडून आजचं राजकारण मागतं. दुसरं उत्तर त्याच पोराला मेल्यावर शंभर वर्षांनी पुन्हा भरती करतं, या वेळी आपल्या नागरिकत्वाच्या अर्जाला जोडपत्र म्हणून. इथे आपली जागा आपल्या कामाने आणि हक्काने आहे. तिच्यासाठी कुटच्या मृतांना साक्षीला बोलावण्याची गरज पडू नये. मुलाने वर्गात खुशाल फोटो न्यावा आणि सांगावं: हा माणूस दूरच्या एका देशात दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी लढला, का गेला ते आम्हांला नीट माहीत नाही, आणि जिथे त्याच्या सोबत्यांची नावं लिहायला हवी होती तिथे एक आकडा आहे. आठवीतल्या मुलाला हे कळतं. वर्गातल्या ज्या मुलांच्या घरच्यांना १८७० ची भिंत माहीत आहे, त्यांना तर ते लगेच कळेल.

चांगली पुस्तिका कशी असावी, याची माझी अपेक्षा साधी आहे. जे कागदावर सापडलं ते एका शाईत, घरात ऐकलं ते दुसऱ्या शाईत, आणि आपल्याला वाटतं ते तिसऱ्या. 'असणार'चा 'होता' करायचा नाही. पान रिकामं राहिलं तर राहू द्यायचं. आणि सापडलेली प्रत्येक नोंद, आपल्या घराण्याची नसली तरी, शेजारच्या नावासकट उतरवून ठेवायची.

यात आपल्यावर एक जास्तीची जबाबदारी आहे. हाथीट्रस्टमधली, अमेरिकेबाहेर छापलेली काही जुनी पुस्तकं कॉपीराइटच्या नियमांमुळे फक्त अमेरिकेतून उघडतात. म्हणजे आपल्याच जिल्ह्याबद्दलचं शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक ॲन आर्बरमध्ये कॉफी पिता पिता वाचता येतं आणि साताऱ्यातल्या शिक्षकाला ते बंद दिसू शकतं. त्याच्याकडे गावातली नावं आहेत, आपल्याकडे पान उघडायची सोय. पुढची पुस्तिका एका घराण्याची न निघता एका गावाची निघावी, आणि तिच्यावर त्याचं नाव आधी असावं.